शनिवारच्या शेंगा

१३ नोव्हेंबर, बुधवार
दिवाळीची सुट्टी संपली, हायस्कूल भरलं. शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून पहिल्या दिवशी चक्कर टाकली. मु.अ. चव्हाण सरांना वाटतं मी तपासणीला येतो. त्यांचा हा समज मी कधी दूर केला नाही, त्यामुळे फळे पुसलेले सापडतात.

दहावीत पुढच्या बाकावर एक जागा रिकामी. विलासची प्राजक्ता. विलास माझ्या भावकीतला, फौजेत हवालदार, सध्या बर्फात. पोरगी गणितात अशी हुशार की सर स्वतः अडले तर तिला फळ्यापाशी बोलावतात. तिने सहामाहीला गणिताचाच पेपर कोरा दिला. त्याआधीही वर्गात छाती धरून बसली होती म्हणे. हात आखडले, श्वास लागला. म्हसवडच्या दवाखान्यात दाखवलं, छातीची पट्टी, तो ईसीजी, काढली, सगळं चांगलं. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे.

संध्याकाळी विलासच्या घरी गेलो. त्याची बायको सुनंदा चुलीपुढून उठली नाही. "आवं आबा, शाळंचं नाव काढलं की तिला धाप लागती. दहावी न्हाई झाली म्हणून कोण मरत न्हाई." पोरगी आतल्या खोलीत. बाहेर आलीच नाही.

येताना वाटेत ठरवलं. प्राजक्ता मार्चमध्ये दहावीला बसणार. सुभेदाराने ठरवलं म्हणजे ठरलं. कसं, ते उद्या बघू.

१४ नोव्हें.
'कसं' अजून सुचलेलं नाही. सौ. म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." पेन्शनीत माणसाने घरी बसू नये. ऐकून घ्यावं लागतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
प्रार्थनेनंतर मुलांना फॉलिन करून, म्हणजे रांगेत उभं करून, बोललो. आवाज खणखणीत होता, माईक लागला नाही. मन म्हणजे रायफल, साफ ठेवली नाही तर ऐन वेळी अडकते वगैरे. मुद्दा चांगला होता. मग म्हटलं, "ज्याला ज्याला मनाचा त्रास आहे, त्याने एक पाऊल पुढे यावं!"

कोणी हललं नाही. पाचवीतला एक आला पुढे. त्याला लघवीला जायचं होतं.

मु.अ. नंतर ऑफिसात चहा ओतता ओतता म्हणाले, "सुभेदारसाहेब, मनाचं फॉलिन होत नसतं." राग आला. घरी येईपर्यंत टिकला, मग गेला. खरं तर पलटणीत तरी कोण आलं असतं पुढे? मी आलो असतो? जाऊ दे.

१९ नोव्हें.
लेकीचा, वंदनाचा फोन, तासगावहून. तिच्याकडे द्राक्षबागा फुलोऱ्यात, ढग आले की जावईबापू जेवत नाहीत. तिला प्राजक्ताचं सांगितलं. म्हणाली, सांगलीच्या एक पाटील मॅडम ओळखीच्या आहेत, मुलांशी बोलणं हेच त्यांचं काम. शनिवारी मोकळ्या असतात. आबा, विचारू का?

विचारू का काय, पाठवच म्हटलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार
पाटील मॅडम पहाटेच्या एस.टी.ने विट्यावरून आल्या. तरुण आहेत, जैन आहेत, बोलणं हळू. पहिल्या भेटीत मला वाटलं ह्या काय करणार.

खोली मी स्वतः तयार करून घेतली होती. प्रयोगशाळेशेजारची. चुना मारला, पडदा लावला, दारावर पाटी रंगवून घेतली: समुपदेशन कक्ष. दोन खुर्च्या समोरासमोर, मधे टेबल. कोर्ट मार्शलसुद्धा यापेक्षा मोकळं वाटलं असतं, हे आता लिहिताना कळतंय.

आख्खी शाळा खिडक्यांना लोंबकळली. आत कोणी जाईना. शेवटी मु.अ.नी हुकूम करून नववीची एक मुलगी पाठवली. ती दारातच रडायला लागली, "सर, माझं काय चुकलं?"

शाळा सुटायच्या आत खोलीचं नाव पडलं होतं. येड्यांची खोली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मॅडम मात्र हसत होत्या. घरी आणलं, सौ.ने दुपार कलतानाच ताट वाढलं, कारण त्या दिवस मावळायच्या आत जेवतात आणि सांगलीची वाट लांब. भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "आबा, खोली चांगली होती. फक्त मुलं तिथे नव्हती."

२६ नोव्हें.
सुनंदा स्वतःहून आली. दारातूनच बोलली. "तुमच्या त्या खोलीत माझी पोरगी बसली असं कळलं तर उद्या सोयरीक कोण करंल? संक्रांत झाली की तिला मेढ्याला मामाकडं धाडती. तितं कोण वळखत न्हाई."

म्हणजे शाळा बंद. गणितातली पहिली पोरगी जावळीच्या डोंगरात मामाची गुरं बघत बसणार.

मी आवाज चढवणार होतो. सौ.ने डोळ्याने दाबलं. तिने सुनंदाला ताक दिलं.

२९ नोव्हेंबर, तासगाव
वंदनाकडे आलो. जावईबापूंचे नेहमीचे व्यापारी, त्यांच्या बेदाण्याच्या शेडवर तिने नेलं. कोल्ड स्टोरेजमधला माल काढून निवडायचं चाललं होतं. बायका दोन ओळींत, पुढ्यात बेदाण्याचे ढीग, बोटं भराभर चाललेली. नजर खाली. आणि तोंडं! कोणाची सासू, कोणाचा पोरगा पुण्यात फसला, कोणाला झोप लागत नाही. एक बाई म्हणाली, "मला तर वाटतं विहिरीत उडी टाकावी." शेजारची मान न उचलता म्हणाली, "टाकू नगंस. आधी सांग, झालं काय?" आणि ती सांगायला लागली. बेदाणे निवडता निवडता सगळं सांगितलं. तास गेला असेल. मी दारात उभाच.

वंदनाला विचारलं, ह्या अशा बोलतात कशा? ती म्हणाली, "हाताला काम असलं की तोंड सुटतं आबा. समोर कोण टक लावून बघत नसतं ना."

मला माझ्या टेबलखुर्च्या आठवल्या. तिथूनच मॅडमना फोन लावला. त्या इतक्या मोठ्याने "हो!" म्हणाल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. मुलांना समोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं की ती मिटतात, हे त्यांना रोज दिसतं म्हणे. शेजारी बसायला निमित्त हवं होतं.

बेदाणे आमच्या माणात कुठले. पण शेंगा आहेत की. भुईमूग नुकता निघालाय, घरोघरी पोती.

२ डिसेंबर, सोमवार
म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. गुलालात न्हालो. सौ.ने हात जोडून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय मागितलंस विचारलं तर म्हणे, तुमाला कशाला.

३ डिसें.
समितीची बैठक. माझा प्रस्ताव: दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्याला वाटेल त्याने शेंगा फोडायला बसायचं. बचत गटाच्या बायका बसतील, मॅडम बसतील. घरटी एक सूप शेंगा. दाणे लहान वर्गांच्या दुपारच्या आहारात.

मु.अ. दचकले. "बालमजुरी म्हणतील हो."

"सर, शेंगा फोडून खाणं बालमजुरी असेल तर आख्खा माण तालुका आत जाईल."

हशा झाला, ठराव झाला. मु.अ.नी शेवटी एक पाचर मारलीच: व्हरांड्यात टरफलं चालणार नाहीत, मैदानात चिंचेखाली बसा. म्हटलं ठीक आहे, थंडीचे दिवस आहेत, ऊन बरं. मनात म्हटलं, स्वच्छतेचा एवढा पुळका कधीपासून?

७ डिसेंबर, शनिवार
पहिली बैठक. मुलं आली, कारण खायला मिळणार होतं. फोडलं कमी, खाल्लं जास्त. बचत गटातली एक बाई मॅडमकडे बघून कुजबुजली, "जैनांना जमिनीखालचं चालत न्हाई ना?" मॅडम म्हणाल्या, "शेंगा चालतात हो," आणि लगेच एक दाणा तोंडात टाकला. फोडायचं मात्र त्यांना येत नाही. दातांनी फोडतात. मुलं हसून लोळली. मला वाटतं त्या हसण्यातच अर्धं काम झालं.

मग कशावरून तरी गप्पा रंगल्या. नववीतली तीच मुलगी, "माझं काय चुकलं" वाली, शेंगेकडे बघत म्हणाली, "आमच्यात आई-पप्पा भांडाय लागले की मी फॅन मोठा करती."

कोणी मान वर केली नाही. शेंगा फुटत राहिल्या. मग तिच्या पलीकडची म्हणाली, "मी टीव्ही लावती." मग आठवीचा एक, "आमच्यात तर लाईटच नसती, मी उठून भाईर जातो." पुन्हा हसले सगळे. पण कसे हसले! पोत्याला टेकून बसलो होतो तो हललो नाही.

प्राजक्ता नव्हती. घरी येताना सौ. म्हणाली, "तिला मी आणती. तुमी मधी पडू नगा."

१४ डिसेंबर, शनिवार
आणली! सौ. त्यांच्याकडे गेली आणि शाळेचं नावच काढलं नाही. म्हणाली, माझी बोटं धरल्यात, शेंगा फुटत न्हाईत, जरा माझ्या जोडीला चल. बोटं तिची ठणठणीत आहेत. कालच माझ्या सदऱ्याची बटणं लावली. सुनंदा "शाळंत न्हवं ना?" एवढंच म्हणाली. सौ. म्हणाली, "न्हाई, चिंचंखाली."

पोरगी सौ.च्या कुशीला लागून बसली. ओढणी डोक्यावरून. पण सूपभर शेंगा फोडल्या. मी लांबून तिच्या हातांकडे बघत होतो. आखडले नाहीत.

मॅडम तिच्याशी मुद्दाम बोलल्या नाहीत. फक्त उठताना म्हणाल्या, "शेंग कुठे दाबायची ते मला दाखव बरं." तिने दाखवलं. मॅडमची शेंग पहिल्यांदा नीट फुटली.

२१ डिसेंबर, शनिवार
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बरीच मुलं निघून गेली होती. मॅडम दुसऱ्या घोळक्यात. मी चिंचेच्या खोडाच्या पलीकडे पोती बांधत होतो. अलीकडे सौ. आणि प्राजक्ता. सौ. काही विचारतही नव्हती.

प्राजक्ता म्हणाली, "आजी, काय बोलू मी? आई म्हणती अभद्र बोलायचं न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती."

फौजेतल्या घरांत हे फार पाळतात. घरात वाईट शब्द काढायचा नाही, वास्तू ऐकते आणि तसंच होवो म्हणते. आमच्याही घरात होतं. आहे.

सौ.चा हात थांबला. म्हणाली, "हितं कुठं वास्तू हाय? वर बघ. चिंच हाय नि आभाळ हाय. छप्पर न्हाई, भिंत न्हाई. कोण ऐकणार? बोल."

आणि पोरगी बोलली. सहावीत असताना तिच्या बाकावर शेजारच्या वाडीच्या एका जवानाची मुलगी बसायची. एक दिवस तास चालू असताना शाळेचा बाळू शिपाई दारात आला. सरांच्या कानात काहीतरी बोलला. सर त्या मुलीला म्हणाले, "दप्तर भर बाळ, घरी चल." ती हसत गेली, लवकर सुट्टी मिळाली म्हणून. दोन दिवसांनी सगळी शाळा रस्त्याच्या कडेला फुलं घेऊन उभी. ती मुलगी परत शाळेत आली नाही, आईबरोबर आजोळी गेली.

तेव्हापासून तासाला बाळू दारात आला की हिला वाटतं, आता माझं नाव. सहामाहीला गणिताच्या पेपरात तो पुरवण्या द्यायला आला होता. बस्स, एवढंच.

चार वर्षं! आणि घरात एक शब्द काढला नाही. बोललं तर खरं होईल, म्हणून बापाच्या जिवासाठी पोरगी गप्प बसली. आम्ही म्हणत होतो अभ्यासाचं टेन्शन.

सौ.ने पुढची शेंग फोडली. मग म्हणाली, "मी बी तशीच. पोस्टमन गल्लीत आला की मी गोठ्यात जाऊन बसायची. म्हशीच्या गळ्याला मिठी मारून. तेनं हाक मारून पत्र टाकलं, गेला, की मग भाईर."

मी खोडाआड. सुतळी हातात तशीच.

मला ती कायम सांगायची, तुमचं पत्र आलं की लय आनंद व्हायचा. घरी आल्यावर विचारलं, का नाही बोललीस इतकी वर्षं? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आवं, घर व्हतं की ते."

२२ डिसें.
आज लिहायला जमत नाही. त्या म्हशीचं नाव चंद्री होतं.

२४ डिसेंबर
मॅडमशी फोनवर बोललो. प्राजक्ताला विचारूनच पुढचं सगळं, असं त्यांनी बजावलं. पोरीने होकार दिला, "पण बाळूकाकाला रागवायचं न्हाई" या अटीवर.

मु.अ. आणि बाळू शिपाई, दोघांना बसवून सांगितलं. बाळू काळवंडला. "माझ्यामुळं? आवं मी तर नुसती सूचना दितो." डोळे भरले त्याचे. मी खांद्यावर हात ठेवला. मी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाही, तोही दचकला.

मु.अ.नी ताबडतोब फर्मान काढलं, तासाला शिपाई वर्गात जाणारच नाही. चांगल्या मनाने काढलं. पण मॅडम म्हणाल्या, नको. मार्चमध्ये केंद्रावर कोणीतरी दारात येणारच. तिथे आपलं फर्मान चालणार नाही. भीतीला हळूहळू सवय करायची, थोडी थोडी, तिच्या हुकमाने. हे मला पटलं. रंगरुटाला पहिल्याच दिवशी तोफेपाशी उभं करत नाहीत.

२८ डिसेंबर, शनिवार
बाळू चिंचेखाली आला. प्राजक्तासमोर मांडी घालून बसला, मान खाली. शेंगा फोडण्यात पटाईत, एका चिमटीत दोन. मग तीच म्हणाली, "काका, तुमी दारात आला की आधी सांगाल का, कशाची सूचना हाय ते?"

"सांगीन की बाय. वरडून सांगीन."

४ जानेवारी, शनिवार
सोमवारपासून पोरगी वर्गात बसायला लागली! आधी पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, काल पूर्ण दिवस. सौ. शाळेपर्यंत सोडायला जाते. सुनंदाला माहीत आहे, पण तिने माहीत नसल्याचं सोंग घेतलंय. तेही चालेल.

बाळूने शब्द पाळला. आता तो कुठल्याही वर्गाच्या दारात उभा राहून ललकारी देतो, "सहलीची सूचना!", "पाण्याच्या टाकीची सूचना!" काल चव्हाण सरांचा चष्मा घरून आला तर "मुख्याध्यापकांच्या चष्म्याची सूचना!" आख्खी शाळा हसत होती. प्राजक्ताही. मु.अ. चिडले. मी बाळूला शाबासकी दिली.

पाहिलं तर फौजेतल्या घरांची बरीच मुलं शाळेत आहेत. ती आता चिंचेखाली एका बाजूला आपोआप गोळा होतात. कोणी त्यांना पाऊल पुढे टाका म्हटलं नव्हतं.

११ जानेवारी, शनिवार
सुनंदा आली. पोरीला न्यायला आले म्हणून आली आणि उभीच राहिली. सौ.ने नुसतं सूप पुढे सरकवलं. बसली.

बायकांत बोलणं चाललंच होतं. कोणाचा नवरा राजस्थानात, कोणाचा मुलगा अग्निवीर. सुनंदा एकदम म्हणाली, "मला बी अवेळी फोन वाजला की लगीच उचलवत न्हाई. उचलायच्या आधी मी देवाचं नाव घेती, मग उचलती. हिला वाटतं मी फोनवर उगंच उशीर लावती." प्राजक्ता आईकडे बघत राहिली. तिला हे आजच कळलं. दोघी एका घरात राहतात.

मग सुनंदाने खरी बोच काढली. पोरगी इथे बसते हे गावभर झालं, उद्या सोयरीक?

बचत गटातली एक तोंडाळ बाई आहे, ती म्हणाली, "आगं, गावातल्या सगळ्यांच्याच पोरी हितं बसल्यात. मग कुणाची सोयरीक कोण मोडणार?"

सुनंदा हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा बघितली हसताना.

१५ जानेवारी
काल संक्रांत झाली. आज मेढ्याचा मामा जीप घेऊन हजर. पोरीचे कपडे बांधलेत का म्हणाला. मी मिशीला पीळ देऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो, मोर्चा लावल्यासारखा. गरजच पडली नाही. सुनंदा म्हणाली, "दादा, चहा घ्या, तिळगूळ घ्या, नि जावा. पोरगी परीक्षेला बसतीया." मामा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघता पाव्हणं, चहा निवतोय.

जिंकलो! अर्धी लढाई तरी.

सुनंदाने परवा फोनवर विलासलाही सगळं सांगितलं म्हणे. अंगणात उभी राहून. तो "बरं" म्हणाला आणि रेंज गेली. रेंज गेली का त्याने ठेवला, तिला कळलं नाही.

२९ जानेवारी
पूर्वपरीक्षा. आज गणित. प्राजक्ताने स्वतः बाळूला सांगून ठेवलं होतं, आज ललकारी द्यायची नाही, गुपचूप यायचं. मॅडमनाही विचारून घेतलं होतं.

मी ऑफिसच्या खिडकीत. बाळू पुरवण्या घेऊन दारात गेला. पोरीचा पेन थांबला. डोळे मिटले. खांदे वर गेले. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर श्वास सोडत होतो, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, आत थोडा, बाहेर लांब. शेजारच्या बाकावरच्या मुलीने नुसता पाय तिच्या पायाला लावला. पर्यवेक्षकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग पेन चालला.

चालला! मी ऑफिसात टेबलावर मूठ आपटली, मु.अ.चा चहा सांडला. त्यांनीही खिडकीतूनच बघितलं होतं. त्यांचा चष्मा ओला होता.

५ फेब्रुवारी
गणितात प्राजक्ता तिसरी. पहिली नाही, तिसरी. सौ.ने गल्लीभर साखर वाटली. पहिली आलेल्या मुलाची आई म्हणाली, "माझ्या पोराची साखर कुणी वाटायची?" मग तिच्या नावानेही वाटली.

गाव करी ते राव न करी म्हणतात. हा राव आता गप्प बसायला शिकतोय.

१२ फेब्रुवारी
पंचक्रोशीतल्या दोन शाळांचे मास्तर येऊन बघून गेले. एकाने विचारलं, शेंगा संपल्या की काय? मटकी निवडा, मेथी निवडा म्हटलं. वंदनाने तासगावात शेडशेजारच्या शाळेत सुरू केलं, तिथे बायका सुट्टीच्या दिवशी मुलांत येऊन बसतात. मेढ्याहून मामीचा फोन आला होता, आमच्यात घेवडा हाय, चालंल का? मी म्हटलं, धावेल.

वरच्या ऑफिसातून मु.अ.ना विचारणा, उपक्रमाचं नाव काय. सर दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले. शेवटी मुलांनी सांगितलेलंच लिहून पाठवलं: शेंगा.

आणि सरांनी गावात भाषण काय दिलं माहीत आहे? "मी मुद्दामच त्यांना मोकळ्या आभाळाखाली बसायला सांगितलं होतं." टरफलांचं नाव नाही! मी टाळ्या वाजवल्या. वाजवू दे डंका, त्यांनी पाचर मारली नसती तर आम्ही अजून व्हरांड्यात वास्तूच्या पोटात बसलो असतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दहावी सुरू, यंदा फेब्रुवारीतच. केंद्र म्हसवडला. आज मराठी. एस.टी.त सगळी मुलं, बरोबर मी, बाळू आणि सौ. बाळूने रजा टाकली होती. कंडक्टर म्हणाला, "सुभेदार, वऱ्हाड कुठं?"

पेपर झाला. प्राजक्ता हसत बाहेर. आत अनोळखी शिपाई तीनदा येऊन गेला, म्हणाली. "पहिल्यांदा छातीत धडधडलं. दुसऱ्यांदा जरा कमी. तिसऱ्यांदा मी निबंध लिवत व्हते, दिसलाच न्हाई."

लिहिता लिहिता ऊर भरून येतोय. सौ. म्हणते, नवस फेडायला जायचंय. तेव्हा कळलं रथाला काय मागितलं होतं.

५ मार्च, बुधवार
आज बीजगणित. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तो पेपर.

बाकी पेपर चांगले गेले होते, पण सकाळपासून तिचं तोंड उतरलेलं. गेटात जाताना हात थंडगार. "आबा, आज ती धाप यील वाटतंय परत." मी म्हटलं, येऊ दे. आली तर बसव शेजारी. गेली आत.

मी गेटाबाहेर. पेपर सुटायला अवकाश होता तेव्हा फोन वाजला. विलास, पोस्टवरून. कधी नव्हे तो मला फोन.

"आबा, आली का भाईर?"

"सुटायचाय अजून."

वाऱ्याचा आवाज. वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "मी सुट्टी संपवून निघताना ती दारात येत न्हाई कवाच. मला वाटायचं रुसती." मग एकदम, "आबा, सुनंदानं सांगितल्यापासनं सपान पडतं. बाळू शिपाई तिच्या वर्गाच्या दारात उभा हाय. मी मागनं वरडतोय, आरं, मी हाय, मी जित्ता हाय. तेला ऐकूच जात न्हाई. मला लय भ्या वाटतं आबा. माझ्या जिवाचं न्हाई. त्या दाराचं."

नोकरीत असतो तर म्हटलं असतं, हवालदार, हिंमत धर. ओठांवर आलंच होतं. नाही म्हटलं. म्हटलं, "सांग गड्या. मी हाय फोनवर."

आणि तो सांगायला लागला. एवढा धिप्पाड माणूस. मी ऐकत होतो, मधेच माझंही एक सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही लिहीत नाही. त्याला सांगितलं, पुरे आहे.

बेल झाली कधी कळलं नाही. प्राजक्ता समोर उभी. माझ्या कानाला फोन आणि माझे डोळे असे, ते बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मी घाईने म्हटलं, "पप्पा हाय! बरा हाय! बोल, बोल." तिने फोन घेतला.

पलीकडून त्याला बोलता येत नसावं. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पप्पा? ... बोला की. मी हाय हितंच."

पायरीवर बसली. गुडघ्यांत डोकं घालून ऐकत राहिली. मधेच "व्हय", मधेच "मला बी". एकदा हसली. एकदा ओढणीने नाक पुसलं. आमची एस.टी. आली, कंडक्टरने हाक मारली. मी हातानेच जा म्हटलं. बाकीची मुलं गेली. मी तिच्या पलीकडे दोन पायऱ्या सोडून बसलो, रस्त्याकडे बघत.

पुढच्या गाडीने घरी आलो. दारात सौ. उभी. "कसा गेला पेपर?"

तेव्हा लक्षात आलं, विचारायचं राहूनच गेलं.